कोकणातली अभयारण्यं, देवराया आणि कासवांचे किनारे: पहिल्यांदा जाताय तर आधी हे वाचा

संरक्षित जागा म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर मोठं गेट, तिकीटखिडकी आणि जंगलात फिरवणारी जिप्सी येते. कोकणात असं फार कमी ठिकाणी आहे. इथे अभयारण्याच्या आत वाड्या आहेत, कासवांच्या किनाऱ्यावर लोकांच्या होड्या ओढलेल्या असतात, देवराईच्या मधोमध देवळात गुरव दिवा लावत असतो आणि मालवणच्या सागरी अभयारण्यावर शेकडो घरांची चूल चालते. म्हणजे या जागा वनखात्याच्या कागदावर संरक्षित आहेतच पण रोजची राखण गाव करतं. म्हणून नवीन माणसाला मी एकच गोष्ट परत परत सांगतो, आधी गावाला विचारा आणि मग जंगलात पाय टाका. खाली जे लिहिलंय ते सगळं यातूनच आलेलं आहे, तुम्ही दोन दिवसांसाठी येणार असाल तरी आणि दर वर्षी यायचं ठरवणार असाल तरी.

पायरी १: जागा कोणाची आहे ते आधी बघा

हे कंटाळवाणं वाटेल पण नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. कोकणात ढोबळमानाने चार प्रकारच्या जागा आहेत.

एक, वनविभागाची अभयारण्यं. मुंबई-गोवा हायवेवर पनवेलजवळचं कर्नाळा हे महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य, १९६८ सालचं, जेमतेम १२ चौरस किलोमीटर. मुरुड-रोहा भागातलं फणसाड १९८६ चं, पूर्वी ही जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची जागा होती म्हणूनच जंगल टिकलं असं म्हणायला हरकत नाही. या ठिकाणी गेटवर नोंद करावी लागते, फी भरावी लागते आणि वेळ पाळावी लागते.

दोन, खाडी आणि समुद्र. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्यात येतो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं आणि २०२२ ला ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. कांदळवनांची, म्हणजे खारफुटीच्या जंगलांची, देखरेख करायला राज्याचा वेगळा कांदळवन कक्ष आहे, तो २०१२ पासून काम करतो.

तीन, देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली जंगलं, ज्यांना रत्नागिरीकडे देवरहाटी म्हणतात. इथे मालकी कागदावर कोणाचीही असो, शब्द गावकार-मानकरी आणि गुरवाचा चालतो.

चार, अलीकडे जाहीर झालेल्या छोट्या जागा. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळापाशी एक छोटा मासा सापडला, २०२० मध्ये नवीन प्रजाती म्हणून त्याची नोंद झाली आणि ती जागाच जैवविविधता वारसा स्थळ झाली. दोडामार्गात हेवाळे-बांबर्डेची जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, तीही तशीच. या जागा इतक्या छोट्या आहेत की एक बस भरून माणसं आली तरी जास्त होतात, त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदा येणाऱ्याने इथून सुरुवात करू नये. पहिली खेप फणसाडला काढा. जंगल पुरेसं मोठं आहे, पायवाटा आहेत आणि हायवेचा आवाज नाही. कर्नाळा मुंबईकरांना जवळ आहे खरं पण रविवारी तिथे किल्ल्यावर जाणाऱ्यांचीच रांग असते, पक्षी बघायचे असतील तर मधल्या वारी आणि सकाळी सकाळी जा.

पायरी २: कॅलेंडर आणि भरती-ओहोटी

कोकणात "कधी जाऊ" या प्रश्नाला जागेगणिक वेगळं उत्तर आहे.

कासवं: माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात, पिल्लं फेब्रुवारीपासून एप्रिल-मेपर्यंत निघतात. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावरची फुलं: ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर. फ्लेमिंगो: हिवाळा ते मे. स्नॉर्कलिंग: पावसाळा संपून पाणी निवळल्यावर, दिवाळीनंतर चांगलं. शेकरू (मोठी खार) आणि धनेश (मोठ्या चोचीचा पक्षी): डिसेंबर ते मे, पानं गळलेली असतात तेव्हा दिसायला सोपं जातं. जून-जुलैत समुद्राच्या बाजूचं काहीही ठरवू नका, मासेमारीसुद्धा तेव्हा बंद असते.

आणि आता भरतीचं गणित, हे प्रत्येकाला आलंच पाहिजे. मोबाईलवर ॲप आहेत, पण रेंज गेली की ॲप गेलं, आणि कोकणात रेंज जाते. इथले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. म्हणजे चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहा वाजता. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेनुसार अर्धा-एक तास इकडेतिकडे होतं पण किनाऱ्यावर कधी उतरायचं ते ठरवायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खाली जातं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी. खडकांवरची तळी, त्यातले समुद्री जीव बघायचे तर उधाणाच्या दिवसातली ओहोटी पकडा, आणि पाणी वळलं की निघा, शेवटचा फोटो राहू दे. खाडीतली बोट मात्र भरतीला घ्यायची, नाहीतर गाळात रुतून बसाल.

पायरी ३: परवानगी, राहणं, फोन

अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे परवानगी लागते, गेटवरची पावती म्हणजे तीच. रात्री मुक्काम करायचा, ड्रोन उडवायचं, शूटिंग करायचं तर गेटवरची पावती चालत नाही, आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. ड्रोनबद्दल तर विचारूच नका, समुद्री गरुडाच्या घरट्यावर ड्रोन नेला की पक्षी घरटं सोडून त्याच्या मागे लागतो आणि तेवढ्यात पिल्लू उन्हात पडून असतं.

राहायला शक्यतो गावातलं घर बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव महोत्सव, म्हणजे पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोकांना बोलावणं, सुरू झाल्यापासून गावातल्या बऱ्याच घरांत पाहुणे ठेवतात, पडवीत गाद्या, जेवायला भात-आमटी, सोलकढी, आणि आधी सांगितलंत तर उकडीचे मोदक. हा फक्त स्वस्तातला मुक्काम नाही, त्या घरातल्या लोकांना कासवामुळे दोन पैसे मिळतात म्हणून अंडी चोरणं थांबलं, कोकणातल्या कासव संवर्धनाचा कणा हाच आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली वेळासला काम सुरू केलं, २००६ पासून महोत्सव, आणि मग हळूहळू आंजर्ले आणि बाकीचे किनारे जोडले गेले. तेव्हा लांबच्या मोठ्या रिसॉर्टवर राहून फक्त सकाळी गाडीने येऊन पिल्लं बघून जाण्यात आणि गावात राहण्यात फार फरक आहे.

निघण्याआधी घरमालकाला फोन करा आणि "येतोय" एवढंच सांगू नका, "घरटी किती आहेत, पिल्लं कधी अपेक्षित आहेत" ते विचारा. जेवणाचा आकडा आदल्या दिवशी सांगा, ऐन वेळी चार माणसं जास्त आणली की त्या घरातल्या मामींची धावपळ होते. पैसे रोख ठेवा, यूपीआय सगळीकडे आहे पण रेंज नाही.

वेळासला जायला मंडणगडहून एसटी आहे, किंवा हरिहरेश्वरकडून बागमांडला-वेसवी फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे येता येतं, तो रस्ता सुंदर आहे.

पायरी ४: पिशवीत काय

पाण्याची स्टीलची बाटली, जेवणाचा डबा, कचरा परत आणायला एक जाड पिशवी. बऱ्याच गेटवर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून डिपॉझिट घेतात, परत दाखवली की पैसे परत, त्यावर वाद घालू नका. मातकट, हिरवे, करडे कपडे. बंद बूट, कारण सड्यावर आणि दगडी बांधांवर फुरसं असतं, रंगाने जांभ्या दगडाशी इतकं मिळतं की पाय पडेपर्यंत दिसत नाही. चावलंच तर दोरी बांधणं, कापणं, मंत्र असलं काही न करता पाय हलू न देता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठायचं. टॉर्चला लाल जिलेटिन कागद रबराने बांधून ठेवा, किनाऱ्यावर लागतो.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडे जाणार असाल तर एक गोष्ट जास्तीची. तिथे २०१६ पासून माकडताप आहे, गोचिडीतून पसरतो, साधारण जानेवारी ते मे जोर असतो. पूर्ण बाह्या, पॅन्ट मोज्यात खोचलेली, पालापाचोळ्यावर बसायचं नाही, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. पुढे पंधरवड्यात ताप आलाच तर डॉक्टरला सांगा की त्या जंगलात गेलो होतो. त्याच भागात २००२ पासून कर्नाटकातून आलेले हत्तीही आहेत, बागायतीत हत्ती उतरलाय असं कळलं तर बघायला पळू नका, ज्याची केळी आणि माड गेलेत त्याच्या अंगणात गर्दी करायची ती वेळ नव्हे.

पायरी ५: प्रत्यक्ष जागेवर

आता मुख्य भाग. प्रत्येक जागेचं वागणं वेगळं आहे म्हणून वेगवेगळं सांगतो.

जंगलात. फणसाडला पाणवठ्यांना गाण म्हणतात, चिखलगाण, फणसाडचं गाण अशी नावं आहेत, प्राणी बघायचे तर गाणापासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला, गप्प बसायचं. गाणात हातपाय धुवायला उतरायचं नाही, उन्हाळ्यात आसपासच्या सगळ्या जनावरांना तेवढंच पाणी असतं. शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, शोधायचं तर वर बघत चालू नका, ठेचकाळाल, थांबा आणि ऐका, करकर आवाज येतो आणि मग फांदी हलते. झाडाच्या शेंड्याजवळ काटक्यांचा मोठा गोल दिसला की ते त्याचं घरटं, एकच शेकरू अशी बरीच बांधून ठेवतं. गारंबीचा वेल बघा, माणसाच्या मांडीएवढा जाड, झोका घेण्याचा मोह सगळ्यांना होतो पण झोका घेऊ नका, शंभर माणसांनी घेतला की साल सोलून निघते.

कर्नाळ्याला पावसाच्या सुरुवातीला तिबोटी खंड्या येतो, रायगडचा जिल्हा पक्षी. हा मुठीत मावेल एवढा पक्षी ओढ्याच्या काठच्या मातीच्या उभ्या कापात बीळ करून अंडी घालतो. पिल्लं झाली की दिवसभर सापसुरळ्या, बेडूक, खेकडे घेऊन येतो. बिळात शिरायच्या आधी तो समोरच्या एका ठरलेल्या फांदीवर बसतो, आणि फोटोग्राफर नेमके त्या फांदीसमोर उभे राहतात. मग काय होतं, तो चोचीत बेडूक धरून दुसऱ्या झाडावर बसून राहतो, वीस मिनिटं, तीस मिनिटं, बिळात पिल्लं उपाशी. तुम्ही असाल तेव्हा पक्षी चोचीत खाऊ घेऊन नुसताच बसलेला दिसला तर त्याचा अर्थ तुम्ही जास्त जवळ आहात, उठा आणि मागे सरका. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं पण बंद करा, विणीच्या दिवसात तो स्वतःचं काम सोडून त्या खोट्या शत्रूला शोधत फिरतो.

हायवेवर गाडी थांबवून माकडांना वेफर्स देणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका देऊ. ती रस्त्यावर यायला शिकतात आणि गाडीखाली चिरडली जातात.

कर्नाळ्याच्या सुळक्याला आग्या मोहोळं असतात. परफ्युम, धूर, आरडाओरडा, तिन्ही टाळा.

कासवांच्या किनाऱ्यावर. आधी काय चालतं ते समजून घ्या म्हणजे नियम का आहेत ते कळेल. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री भरतीच्या वेळी वर येते, भरतीरेषेच्या वर वाळूत सुरईसारखा साधारण दीड फुटाचा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने थापून घट्ट करते आणि परत जाते. तिच्या वल्ह्यांसारख्या पायांची खूण वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखी दिसते. कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा गावातला माणूस, पहाटे अंधारात, कुत्री आणि कोल्हे पोचायच्या आत, अख्खा किनारा चालतो, ती खूण शोधतो, काठीने वाळू हळूच दाबून बघतो, जिथे भुसभुशीत लागते तिथे हाताने उकरतो. अंडी मोजून, ओल्या वाळूसकट उचलून हॅचरीत नेतो, तिथे तेवढ्याच खोलीचा खड्डा, वर तारखेची पाटी, भोवती जाळी. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात, वाळू किती तापलीय यावर दिवस ठरतात, आणि नर होणार की मादी तेही त्याच उष्णतेवर ठरतं, जास्त गरम असेल तर माद्या. शेवटच्या दिवसात घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलतात, खाली पिल्लं असतील तर समुद्राकडे सोडतात, नसतील तर नसतात.

म्हणून, एकदा जाऊन पिल्लं दिसतीलच असं नाही आणि त्याबद्दल कासवमित्रांशी भांडू नका. "एवढ्या लांबून आलोय, एखादं घरटं उकरून दाखवा की" असं म्हणणारी माणसं मी बघितलीत, फार वाईट वाटतं. मुक्काम दोन रात्रींचा ठेवा, म्हणजे दोन-तीन वेळा संधी मिळते.

दोरीच्या मागे उभं राहायचं, समुद्र आणि पिल्लं यांच्यामध्ये कधीच नाही. पिल्लाला उचलून पाण्यात ठेवायचं नाही, दहा-पंधरा मीटर वाळू ते स्वतः चालून जातं आणि ते चालणं त्याला लागतं, याच चालण्यात किनाऱ्याची ओळख त्याच्यात ठसते असं अभ्यासक मानतात. फ्लॅश बंद. पांढरा टॉर्च बंद. रात्री किनाऱ्यावर शेकोटी, गाणी, गाडीच्या हेडलाईट हे तर मादीला पाण्यातूनच परत पाठवण्यासारखं आहे. पिल्लं उजेडाकडे जातात, समुद्रावरचा आकाशाचा उजेड त्यांचा रस्ता असतो, हॉटेलचा एलईडी त्याहून झगझगीत असला की ती माडाच्या बागेकडे वळतात. किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांचे व्हिडिओ दर सुट्टीत बघतो आपण, गाडी रुतली की सगळे हसतात, खाली न सापडलेलं घरटं असेल तर त्याची वाळू दाबून घट्ट झालेली असते आणि पिल्लं वर येऊच शकत नाहीत.

या किनाऱ्यांचं महत्त्व किती ते एका मादीवरून कळतं. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. भारताचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला.

देवराईत. चप्पल बाहेर. आधी गुरवाला किंवा गावकारांना भेटा, कोण आहात, कशाला आलात सांगा, बऱ्याच ठिकाणी ते देवाला गाऱ्हाणं घालून मग आत नेतात, तेवढा वेळ उभं राहा. जिथे थांबा म्हणतील तिथे थांबायचं, काही भागात गावातले लोकही जात नाहीत. पान, फूल, फळ, वाळकी काटकी, काहीच उचलायचं नाही, मालवणीत सांगतात तसं "झाड देवाचा, नि पडलली फाटी पण देवाचीच". बेहडा, सातवीण, किंजळ, जुने आंबे, यांच्या खोडात ढोल्या, म्हणजे पोकळ्या असतात आणि त्यात धनेश घरटं करतो. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, एक फट ठेवते, नर महिनोन्महिने फळं आणून त्या फटीतून भरवतो. उन्हाळ्यात मोठ्या झाडाखाली बियांचा आणि विष्ठेचा सडा पडलेला दिसला तर वर ढोली आहे असं समजा आणि तिथे बसकण मारू नका.

एक गोष्ट मनापासून. देवस्थानाला देणगी द्यायची असेल तर फरशी, पेव्हर ब्लॉक, सभामंडपासाठी देऊ नका. गावोगाव जुनी देवळं पाडून मोठी होतायत आणि त्याच्यासाठी पहिली जातात ती भोवतालची झाडं. पाण्याच्या झऱ्याची दुरुस्ती, कुंपण, वणवा पसरू नये म्हणून आधीच जाळरेषा काढायची मजुरी, अशा कामासाठी द्या आणि तसं सांगून द्या, गावातल्या तरुण मुलांना हे आवडतंच.

सड्यावर. गाडी डांबरावर सोडा. पावसाळ्यात कातळावर जे बोटभर पाणी साचतं त्यात सीतेची आसवं, गेंद, कवला फुलतात, एका चाकाखाली अख्खा ताटवा जातो. सड्याला लोक ओसाड, पडीक म्हणतात आणि म्हणूनच तो सगळ्यात आधी जेसीबीखाली जातो. कातळशिल्पं बघायला उक्षी, कशेळी, बारसूला जाल तर रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडूने, चुन्याने रंगवू नका, सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन असताना जा, सगळं आपोआप दिसतं. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत.

कांदळवनात. चिखलातून वर आलेले खुंट म्हणजे झाडाची श्वास घेणारी मुळं, त्यांच्यावरून चालायचं नाही. बोटीतून बघा. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गट स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतो, तिवर कुठली, चिप्पी कुठली, मारांडी कुठली हे ताई सांगतात, इंजिनाचा आवाज नाही त्यामुळे खंड्या, बगळे अगदी जवळ दिसतात. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचं कांदळवन वृक्ष आहे. ठाणे खाडीत ऐरोलीहून बोट आहे, ती भरतीच्या वेळेप्रमाणेच सुटते.

समुद्रात. मालवणला पोवळ्यांवर उभं राहायचं नाही, पाय टेकायचाच नाही, लाईफ जॅकेट घालून तरंगत बघा. गाईडने मासे जमवायला पाव टाकला तर नको म्हणा, फोटो कमी छान येईल, चालेल. डॉल्फिन बघायला जाताना तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, आधीच सांगा की दादा, मागे लागू नका, इंजिन बंद करून थांबलो तरी चालेल आणि नाही दिसले तरी पैसे पूर्ण देऊ, हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण गिऱ्हाईक कुरकुर करतं म्हणूनच ते पाठलाग करतात. पोवळी, समुद्री घोडे, समुद्रपंखा हे विकत घेणं गुन्हा आहे, दुकानात मिळालं तरी. आणि अभयारण्य जाहीर झालं तेव्हा इथल्या मच्छीमारांचा मोठा विरोध होता, पोटाचा प्रश्न होता, त्यामुळे त्यांना कायदा शिकवायला जाऊ नका, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर दोरीला हात लावा आणि गप्पा मारा, समुद्राबद्दल त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

पायरी ६: काहीतरी बिघडलेलं दिसलं तर

जखमी प्राणी, शिकारीचा फासा, झाडतोड, वणवा: वनविभागाची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाईन १९२६. फोन करताना जवळची वाडी, देऊळ, मैलाचा दगड सांगा, नुसतं "जंगलात" सांगून कोणी पोचू शकत नाही.

पावसाळ्यात किनाऱ्याला जिवंत कासव लागलेलं दिसलं तर त्याला परत पाण्यात ढकलू नका. लोक चांगल्या मनानेच ढकलतात, पण ते दमलेलं, जखमी, बऱ्याचदा जाळ्यात अडकून वल्ह्यासारखा पाय तुटलेलं असतं आणि पाण्यात बुडतं, हो, कासवही बुडतं कारण त्याला श्वास हवेतलाच घ्यावा लागतो. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाक मोकळं ठेवा, कुत्री लांब ठेवा आणि फोन करा. डहाणूला अशा कासवांसाठी उपचार केंद्र आहे. जाळं कापून कासव किंवा दुसरा संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला कांदळवन कक्ष २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतो, ओळखीत कोणी मच्छीमार असेल तर त्याला हे नक्की सांगा, फोटो-व्हिडिओ काढून ठेवायला सांगा, कारण पुरावा लागतो.

वणवा लागलेला दिसला तर एकट्याने विझवायला जाऊ नका, वाडीत ओरडून सांगा.

पायरी ७: परत आल्यावर आणि पुढच्या वेळेसाठी

फोटो टाकताना घरट्याचं लोकेशन काढून टाका. "फणसाड" लिहा, झाड कुठलं ते लिहू नका. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या वेबसाइटवर आणि बाकीच्या आयनॅचरलिस्टवर टाका, तिथे संवेदनशील प्रजातींची जागा झाकायची सोय आहे.

ज्यांना खरंच काम करायचंय त्यांच्यासाठी. फणसाडसारख्या अभयारण्यात बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची नोंद करतात, एप्रिलमध्ये वनविभागाकडे चौकशी सुरू करा, जागा लगेच भरतात. किनारा स्वच्छतेला जायचं तर हातमोजे आणि पोती घेऊन जा, पण भरतीरेषेवर जमलेलं शेवाळ आणि वाळका पाला उचलू नका, तो कचरा नाही, त्यात पाखरं खाणं शोधतात, फक्त थर्माकोल, बाटल्या, नायलॉनची दोरी आणि जाळ्यांचे तुकडे उचला. गोळा केलेलं कुठे जाणार ते ग्रामपंचायतीशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर पोती तशीच बांधावर राहतात आणि पहिल्या पावसात परत समुद्रात.

आणि कासवांसाठी मदत करायची असेल तर मार्चमध्ये गर्दीच्या वेळी येऊन विचारू नका, ऑक्टोबरमध्ये फोन करा. तेव्हा हॅचरीची जाळी, बांबू, टोपल्या यांची जमवाजमव चालू असते आणि काय कमी पडतंय ते त्यांना तेव्हाच नक्की माहीत असतं. बहुतेक वेळा चांगली हेड टॉर्च, रिचार्जेबल सेल आणि पहाटे किनारा चालणाऱ्या माणसासाठी एक स्वेटर एवढंच असतं.